लहरीबाबांचा टॉवर

"आल्या! रेघा आल्या!" गिरणीवाला ओरडला आणि लहरीबाबांच्या अंगणात एकच कल्ला झाला. जो तो मोबाइल उंच धरून उभा. वायफायच्या रेघा प्रत्येकाच्या मोबाइलवर ठसठशीत भरलेल्या. जोडणीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, बाबांनी ज्याच्या त्याच्या कानात पुटपुटला होता, कारण तो म्हणे गुरुमंत्र होता. मंत्रात इंग्रजी अक्षरं आणि आकडे कसे काय, हे भक्तीच्या भरात कुणालाच खटकलं नाही.

बाबा गादीवर लोडाला टेकून डोळे मिटून बसले होते. "अवकाशात लहरी, लहरींत शक्ती! आणि शक्ती बसते कुठं? मी बसतो तिथं!"

मोबाइलवर दिसत होती ती फक्त बाबांची प्रवचनं. दुसरं काही म्हणता काही उघडेना. "अशुद्ध ते गाळलं जातं," बाबांनी खुलासा केला आणि लोकांनी माना डोलावल्या.

गर्दीच्या कडेला दवाखान्यातली सिस्टर कपाळाला आठ्या घालून उभी होती. गावात डॉक्टर नव्हता, जे काही होतं ते तिच्या एकटीच्या गळ्यात. शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिला शब्द दिला होता की ईसीजी इंटरनेटवरून पाठवा, काय करायचं ते लगेच सांगतो. मशीन येऊन कपाटात पडलं होतं. पण गावात इंटरनेटच नव्हतं, घोडं अडलं होतं ते त्यासाठीच्या टॉवरपाशी. टॉवर उभारायला आलेल्या इंजिनिअरनं सगळा परिसर पालथा घालून सांगितलं होतं, की टॉवर टेकडीवरच हवा. शहरातल्या पाण्याच्या टाकीवर मोठा अँटेना आहे, तो तिथूनच दिसतो. मध्ये टेकडी आली, तर इंटरनेट यायचं नाही. आणि बाबांचं अंगण नेमकं टेकडीच्या आड, खोलगट जागेत. पण टॉवर दारात आला की आजूबाजूची सगळी गावं दारात येणार, हे बाबांना इंजिनिअरपेक्षा चांगलं कळत होतं.

"रेघा तर इथंच भरल्यात. मग टेकडी कशाला चढायची?" टॉवरची जागा ठरवायला नेमलेल्या गावच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले.

"अहो, टॉवर अजून उभाच राहिला नाही," सिस्टर म्हणाली. "मग रेघा आल्या कुठून?"

"तोच तर चमत्कार, सिस्टर!"

भराभर हात वर झाले आणि टॉवर बाबांच्या अंगणात ठरला. सगळ्यांत आधी वर गेला तो सिस्टरच्या सासूबाईंचा हात. "दोन बुकं शिकलीस म्हणून बाबांना शिकवायला जाऊ नकोस," त्यांनी सुनेला तिथंच झापलं. एरवी त्या मायेच्या. सून दवाखान्यातून येईपर्यंत स्वतः जेवायच्या नाहीत. फक्त बाबांचा विषय निघाला की दोघींचं बिनसायचं.

टॉवर उभा राहिला. इंजिनिअर सांगून सांगून थकला आणि हात झटकून निघून गेला. इंटरनेट काही आलं नाही. बाबा गादीवर बसले की रेघा तेवढ्या यायच्या आणि गाव त्यातच खूश होतं.

एका दुपारी सासूबाई त्या अंगणातच छाती धरून खाली बसल्या. कुणीतरी निरोप दिला तशी सिस्टर मशीन घेऊन धावत आली. ईसीजीचा कागद बघताच ती अंगणात बसलेल्या जीपवाल्याकडे वळली.

"जीप काढा! आत्ताच्या आत्ता शहरात न्यायला हवं!"

जीपवाला उठलासुद्धा. तेवढ्यात बाबांनी हात उंचावला. "धक्के खात कशाला नेतेस म्हातारीला? इथं लहरी आहेत. इथूनच पाठव."

जीपवाला थबकला. वाद घालण्यात वेळ जायला नको म्हणून सिस्टरनं फोटो काढून पाठवायला घेतला. मोबाइलवर चक्र नुसतं गरगरत राहिलं. बाबांनी डोळे मिटले. "पोचला! डॉक्टर बघतोय."

जीपवाला परत खाली बसला. "मग उत्तर येऊ दे की."

"अरे, गेलेलाच नाही तो! चल, ऊठ!"

"रेघा भरल्यात गं," सासूबाईच कण्हत म्हणाल्या. "येईल उत्तर."

त्यांना धड आडवंही होता येईना. पाठीला टेकू हवा म्हणून सिस्टरनं बाबांच्या मागचा लोड ओढला.

"हात लावायचा नाही!" बाबा किंचाळले.

लोड हाताला दगडासारखा लागला. तिनं तो टराटरा फाडला. कापसातून बॅटरी बांधलेला एक काळा डबा बाहेर आला, हिरवा दिवा लुकलुकणारा. तिनं बॅटरीची वायर उपटली, आणि अंगणातल्या एकूण एक मोबाइलवरच्या रेघा गेल्या.

"बघा या तुमच्या लहरी!" सिस्टरनं डबा सगळ्यांसमोर उंच धरला. "हा वायफायचा डबा. प्रवचनं याच्याच पोटात भरून ठेवलीत. रेघा भरल्या म्हणजे डबा जवळ आहे, बस्स. तिथून पुढं काही नाही. माझ्या सासूचा ईसीजी या लोडापर्यंतच गेला!"

बाबा मागच्या दारानं कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. जीपवाला खाली मान घालून जीपकडे पळाला. पण जो वेळ गेला तो गेलाच. वाटेत सासूबाईंनी सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून विचारलं, "डॉक्टरांनी बघितलं का गं?"

"हो, आई. बघितलं," सिस्टर म्हणाली. शहर यायच्या आत त्या गेल्या.

कमिटी पुन्हा बसली. तिथंही कुणीतरी कुजबुजलंच, की लोड फाडला म्हणून शक्ती कोपली. सिस्टर उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, चीड होती.

"माझी सासू वेडी नव्हती. तिनं खूण पाहिली आणि विश्वास ठेवला, तुमच्यासारखाच. उद्या दुसरा कुणी येईल, दुसरी खूण दाखवेल. तेव्हा त्याला एवढंच विचारा, की पलीकडून उत्तर आलं का? आलं नसेल, तर निरोप पोचला असं मानू नका, मग सांगणारा कितीही मोठा असो. आधी तपासा, मग हात जोडा. माझ्या घरातलं माणूस गेलं. तुमच्या घरातली अजून आहेत."