सत्ताविसावी सूचना

अहवाल एका पानाचा होता आणि त्यावर फक्त शिवानी कांबळेची सही राहिली होती. सकाळपासून तिनं तो कितीदा तरी उघडला आणि मिटला. चहा मागवला तो निवला. पंखा वाढवला, कमी केला, परत वाढवला. राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात तिला कुठंच बूड टेकवता येईना.

"झाली का गं सही?" आदर्श सरांनी काचेच्या दारातून तिसऱ्यांदा डोकं काढलं. "दोन वाजता फौंड्रीत पोचायचंय. धैर्यशीलदादा कुणासाठी थांबत नाहीत."

"वाचतेय, सर."

"आठ ओळी आहेत. आठ ओळींचं काय पारायण लावलंयस?"

आठच ओळी होत्या. पण सहावी ओळ घशात हाडासारखी अडकत होती. 'भट्टी विभागाचे कर्मचारी केरबा सोनवणे यांनी सूचनापट्टी स्वतःहून बंद केल्यामुळे अपघात झाला. सॉफ्टवेअरमध्ये कोणताही दोष आढळला नाही.' खाली तिचं नाव आधीच छापलेलं. ही सही झाली की केरबामामांची बावीस वर्षांची नोकरी दुपारी तीनच्या आत संपणार होती.

आठ दिवसांपूर्वी, मंगळवारी, पाळी बदलल्यावर दहा मिनिटांत फौंड्रीत दोन नंबरचं लेडल फुटलं. लेडल म्हणजे भट्टीतला लोखंडाचा रस साच्यापर्यंत न्यायची ती जाड बादली. तिला आतून मातीचं अस्तर असतं. पहिल्या पाळीतल्या गुंडूनं दुपारी ते अस्तर नवीन थापलं होतं. वरून कोरडं दिसत होतं, आत ओल होती. दुसऱ्या पाळीनं त्यात रस ओतला. पाण्याची वाफ झाली, वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती, तिनं रसासकट उसळी मारली. जोतीराम पाटलाचा डावा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भाजला.

गुंडूनं मोबाईलवर सूचना टाकली होती. ती भट्टीवाल्यांना दिसली नाही, कारण केरबामामांनी भट्टी विभागाच्या स्क्रीनवरची सूचनापट्टी बंद केली होती. झालं. माणूस सापडला, गुन्हा सापडला. फौंड्रीचे मालक मोकळे, सॉफ्टवेअरवाले मोकळे.

शिवानी मोकळी नव्हती. ती पट्टी तिनं केली होती.

दीड वर्षापूर्वी ती पेन्सिल आणि वही घेऊन त्या फौंड्रीत पंधरा दिवस हिंडली होती. तेव्हा प्रत्येक विभागाचा आपला फळा असायचा. जाणारी पाळी येणाऱ्या पाळीला त्यावर लिहून ठेवायची. साचे बनवणारे मोल्डिंगवाले रकाने आखायचे. घासकाम करणारे नुसती नावं लिहायचे. भट्टीवाल्यांच्या फळ्यावर कामाच्या दोन ओळी असल्या तर शिव्यांच्या तीन असायच्या. शिवानीनं ठरवलं, हे सगळं एक करायचं. एक स्क्रीन, एक मांडणी, एकच पिवळी पट्टी. ह्या विभागातला माणूस त्या विभागात गेला तरी त्याला सगळं जागच्या जागी सापडलं पाहिजे. ॲपचं नाव ठेवलं 'एकजूट'. तिला अभिमान होता त्याचा, आणि बऱ्याच गोष्टींत तो खराही होता. माल कुठं अडकला, साचे कुणाकडं, कोण रजेवर, हे विचारत फिरणाऱ्या माणसांचे पाय वाचले.

फक्त केरबामामा एकदा म्हणाले होते, "ताई, लेडलचं तेवढं येगळं ठेवा. ते आमी फळ्यावर लिवतच न्हाय. ओलं असलं की दांड्याला लाल चिंधी बांधतो. आंधळ्यालाबी गावती."

"मामा, एकाला वेगळं दिलं की सगळे वेगळं मागतात. आता चिंध्या कशाला? सगळं मोबाईलवर येणार की."

"येऊ दे बापडं. पर चिंधीला चार्जिंग लागत न्हाय."

ती हसली होती. पुढच्या महिन्यात परदेशी गिऱ्हाइकाची माणसं फौंड्री बघायला येणार म्हणून सगळा कारखाना लख्ख केला, तेव्हा चिंध्याही कचऱ्यात गेल्या. तिनं अडवलं नाही.

मग धैर्यशीलदादांची मागणी आली. दादा म्हणजे मालकांचे चिरंजीव, वय एकतीस, हुद्दा संचालक. त्यांना ॲपमध्ये शुभेच्छा पाहिजे होत्या. "कामगार म्हणजे फॅमिली. फॅमिलीत वाढदिवस नको?" शिवानी म्हणाली, हे कामाचं साधन आहे, इथं हे नको. आदर्श सरांनी तिला बाहेर नेऊन समजावलं. समजावलं म्हणजे काय, मालकानं मागितली की ती गरज आणि कामगारानं मागितली की कटकट, एवढं डोक्यात घालून दिलं. तिनं शुभेच्छा घातल्या. आणि मांडणी मोडू नये म्हणून कुठं घातल्या? त्याच पिवळ्या पट्टीत, त्याच आवाजात.

चार दिवसांत केरबामामांचा फोन. "ताई, हातमोजं काढून बघावं तर कुणाच्या तरी पोराचं बारसं! हिकडं रस उकळतोय आणि मी बारशाला हजर!"

तिनं त्यांना वाचवायला म्हणून पट्टी बंद करायची सोय दिली. आणि स्वतः मेसेज पाठवला, 'मामा, वरच्या कोपऱ्यात घंटा आहे. ती दाबा, सगळं शांत होईल.'

तो मेसेज अजून तिच्या मोबाईलमध्ये होता. आठ दिवस ती तो मोबाईल उपडा ठेवत होती.

दोनला पाच कमी असताना आदर्श सरांची गाडी फौंड्रीच्या फाटकातून आत गेली. सहीची जागा अजून कोरीच होती. "गाडीत बसल्या बसल्या करते," ती म्हणाली होती. तावडे हॉटेलाच्या चौकात पेन उघडलं, शिरोलीच्या पुलावर मिटलं.

दादांची केबिन गार होती. खुर्च्या सहा होत्या, तरी केरबामामा उभे होते. बावीस वर्षांत कुणी बस म्हणालं नसेल, म्हणून सवय. कपाळावर भट्टीच्या धगीनं पडलेला काळपट पट्टा, अंगात धुतलेला शर्ट. बोलावणं आलंय म्हणून मुद्दाम घातलेला.

"केरबा, सरळ सांगा," धैर्यशीलदादा मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले. "पट्टी कुणी बंद केली?"

"मी केली."

"कुणी सांगितलं होतं बंद करायला?"

आता नाव येणार. यायलाच पाहिजे. तिनं मामांकडं बघितलं. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"कुणी न्हाय. माझी मीच केली."

"बघा," दादा म्हणाले. "स्वतःच्या तोंडानं कबूल करताहेत. कंपनीच्या यंत्रणेत छेडछाड. आदर्शराव, अहवाल द्या, पत्र तयारच आहे."

आदर्श सरांनी तिच्याकडं हात केला. तिनं कागद दिला नाही. तिला स्वतःचीच एवढी किळस आली की ती उठून उभी राहिली. का उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. बसवत नव्हतं.

"दादा, तो मोठा पडदा सुरू करते."

"कशाला?"

"मंगळवारच्या सूचना वाचायच्यात. अहवालाला जोडाव्या लागतील."

ते खरं नव्हतं. तिनं लॅपटॉप जोडला. पडद्यावर पिवळ्या पट्ट्या एकाखाली एक लागल्या, खाली खाली संपेचनात. ती मोठ्यानं वाचायला लागली.

"एक. सात वाजून सतरा. युवकांचे आशास्थान धैर्यशीलदादांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा. शुभेच्छुक, मोल्डिंग विभाग. दोन. सात एकोणीस. वाघ म्हातारा होत नसतो, वाघाचा फक्त वाढदिवस असतो. स्टोअर विभाग. तीन..."

"शिवानी," आदर्श सर हळूच म्हणाले.

"नऊ. केक दुपारी चारला कँटीनमध्ये कापला जाईल. दहा. केक चारला नसून साडेचारला. अकरा. दहा क्रमांकाची सूचना वाचावी. सोळा. सर्वांनी फेटे बांधून यावे. सतरा. फेटे कुठं मिळतील?"

केरबामामांच्या नाकातून बारीकसा आवाज आला. ते हसले की काय कळलं नाही.

"सव्वीस. एक सदतीस. दादा, तुमच्यासाठी कायपण. सत्तावीस. एक चाळीस. दोन नंबर लेडलचं अस्तर ओलं आहे, वापरू नये. गुंडू. अठ्ठावीस. एक एकेचाळीस. दादांचा नादच खुळा."

ती थांबली. पुढच्या पस्तीस तिनं वाचल्या नाहीत. बाहेर कुठंतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"म्हणजे माझ्या वाढदिवसानं जोतीराम भाजला म्हणतेस?" धैर्यशीलदादांचा आवाज चढला. तुम्हीचं तू झालं होतं.

"नाही. सत्तावीस आणि अठ्ठावीसचा रंग एक, आकार एक, आवाज एक. ते मी केलंय. केरबामामा लेडलचं वेगळं मागत होते, ते मी दिलं नाही. तुम्ही शुभेच्छा मागितल्या, त्या दिल्या. आणि पट्टी बंद कशी करायची तेही मामांना मीच सांगितलं. हा मेसेज. हे बघा, माझा नंबर, तारीख." तिनं मोबाईल टेबलावर सुलटा ठेवला. "अहवालात हेच लिहिणार. दुसऱ्या कशावर सही करणार नाही."

आदर्श सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आठ विभाग, तीन वर्षांचा करार, आणि ह्या पोरीनं सगळं उघडं करून टेबलावर मांडलेलं.

"ताई, गप बसा की वो," केरबामामा वैतागून म्हणाले. "मी निस्तरलं असतं माझं मी."

"काय निस्तरलं असतं, मामा? घरी बसून?"

"मग काय दोघांनी बसायचं घरी? येकानं तरी शानं ऱ्हावं." मग ते दादांकडं वळले. पहिल्यांदाच. "दादा, ह्यांचंबी चुकलं, माझंबी चुकलं. घंटी दाबताना मला वाटलं, वाढदिवस बंद हुतील. लेडलबी बंद हुईल हे डोस्क्यात आलं न्हाय. चिंधी असती तर मी बघितली असती. मला काढायचं तर काढा. पर नव्या माणसालाबी हीच घंटी देणार न्हवं का तुमी?"

दादांनी पडद्याकडं बघितलं, मग पत्राकडं. तेवढ्यात पावणेतीनचा भोंगा झाला. पाळी बदलायला पंधरा मिनिटं.

"भट्टीत रस तयार हुतोय," केरबामामा म्हणाले. "जोतीराम दवाखान्यात. दुसरा माणूस लावायचा आसंल तर आत्ताच सांगा, न्हाईतर रस भट्टीत गोठतोय. मी भट्टीवर जाऊ का घरी?"

न्यायबिय बाजूला राहिला. प्रश्न कामाचा होता, आणि कामाच्या प्रश्नाला दादांकडं दुसरा माणूस नव्हता.

"जावा," ते म्हणाले. "आत्ता जावा. पत्राचं मी वडिलांशी बोलतो."

मामा निघाले. दारात थांबून मागं न बघताच म्हणाले, "चिंध्या शोधतो. फडकं कुणाचंबी चालंल." आणि गेले.

दादांनी पाण्याचा ग्लास सरकवला, कुणासाठी ते कळलं नाही. "शुभेच्छा बंद करणार का तुम्ही?" परत तुम्हीवर आले होते. विचारताना ते एकतीस वर्षांचे वाटले नाहीत, बरेच लहान वाटले.

"नाही. ॲपमधल्या वेगळ्या कप्प्यात ठेवते. ज्याला बघायच्या तो बघेल, ज्याला नको तो बंद करेल. विभागाविभागाला आपापली मांडणीही देते, कुणाला रकाने, कुणाला नुसती नावं. माझा हट्ट सोडला मी."

"आणि लेडलचं?"

"ते सगळीकडं एकच. लाल, आणि स्क्रीनभर. कुणालाच बंद करता येणार नाही. भट्टीवाल्यांना नाही, मला नाही, तुम्हालाही नाही."

"मलापण?"

"तुम्हालापण."

असं त्यांना कुणी आयुष्यात म्हणालं नसावं. ते हसायला लागले, पण केबिनमधलं दुसरं कुणी हसलं नाही म्हणून थांबले. "वडिलांना विचारावं लागेल," ते म्हणाले.

गाडीत आदर्श सर भडभडून बोलले. "नाकानं कांदे सोलायची काय गरज होती? करार गेला तर तुझा पगार कुठनं देऊ? सांग की!"

"करार जाईल कदाचित. मीपण जाईन. पण सर, तुम्ही त्या सहाव्या ओळीवर सही केली असती का? तुमच्या नावानं?"

त्यांनी हॉर्न वाजवला. पुढं काहीच नव्हतं.

"मला दवाखान्यात सोडा," ती म्हणाली. आठ दिवसांत ती दोनदा त्या फाटकापर्यंत जाऊन परत आली होती. सरांनी गाडी वळवली.

भाजलेल्यांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. जोतीराम पलंगावर डोळे मिटून पडला होता. उशाला त्याची बायको शालन, पदरानं वारा घालत. शिवानी जवळ जाऊन उभी राहिली. तिनं जिन्यात वाक्यं जुळवली होती, ती सगळी खालीच राहिली.

"कोण वो तुमी?" शालननं विचारलं.

"मी शिवानी. ते मोबाईलवरचं... सूचनांचं मी केलंय. त्यात चूक माझी होती."

शालननं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. पदर थांबला. आता कानाखाली बसणार असं शिवानीला वाटलं, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं.

"चूक हुती म्हंजे?"

"गुंडूनं लिहिलं होतं, लेडल ओलं आहे म्हणून. ते दिसायला पाहिजे होतं. मी अशा जागी ठेवलं की दिसलं नाही."

"आणि केरबादाजी? त्यास्नी काढणार म्हणत्यात."

"आज गेलेत कामावर. उद्याचं माहीत नाही."

जोतीरामनं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं, आणि परत मिटले. पट्टी बदलणारा माणूस ट्रे घेऊन आला. शालन उठली.

"मला बघवत न्हाय," ती म्हणाली. "रोज सकाळी दाजी येत हुतं धरायला, आज पट्टीला उशीर झाला आणि त्यांची पाळी लागली. तुमी धरा. घोट्याजवळ न्हाय, पंजा धरा. आणि सोडू नका, कितीबी वराडला तरी."

शिवानीनं पर्स खाली ठेवली, हात धुतले आणि पंजा धरला. पहिली पट्टी सुटली तशी जोतीरामनं तिच्या आईबापाचा उद्धार केला. तिनं हात ढिला केला नाही.