शिवम्मा, साठ वॅट

“अरं शिवा, उकळायचं कवा ह्ये पाणी?” हंबीररावांनी पुन्हा विचारलं.

“उकळंल की वस्ताद. साठ वॅट हायत. सावकाशच उकळणार.”

मंगळवार पेठेतल्या त्या कोनाड्याएवढ्या दुकानात तालमीचे वस्ताद हंबीरराव स्टुलावर बसले होते, म्हणजे स्टूल दिसत नव्हतं. समोर टेबलावर शिवमूर्तीनं स्वतः जुळवलेला ॲम्प्लिफायर घोंघावत होता. त्याला भोंगा जोडलेला नव्हता. भोंग्याच्या जागी विजेच्या शेगडीची तार जोडली होती आणि तिचं वेटोळं पेलाभर पाण्यात सोडलं होतं. शिवमूर्ती प्रत्येक मशीन असंच तपासायचा. मशीनमधून जेवढी ताकद बाहेर पडेल तेवढंच पाणी तापणार. पाण्याला काही फुशारकी मारता येत नाही.

आणि त्या साली पेठेत फुशारक्यांना नुसता ऊत आला होता. आणीबाणी उठून दुसरा गणपती. एका माईकवाल्यानं आपल्या मशीनवर ‘दीडशे वॅट’ रंगवून घेतलं, तर शेजारच्यानं दुसऱ्या दिवशी अडीचशे केलं. मशीन तेच, आवाज तोच, वाढला तो फक्त रंगाचा खर्च. पलीकडच्या गल्लीतल्या तालमीनं तर ‘पाचशे वॅट’ लिहिलेलं मशीन वाजतगाजत आणलं आणि तेव्हापासून हंबीररावांना अन्न गोड लागेनासं झालं. कुस्तीत हरलं तर पुढचं मैदान असतं. आकड्यात हरलेल्या तालमीनं तोंड लपवायचं कुठं?

अखेर पाण्याला आधण आलं. दुकानामागेच घर होतं. आतून शिवमूर्तीची बायको दानम्मा आली, पेला घेऊन गेली आणि त्याचा चहा करून घेऊन आली.

“बघा वस्ताद,” शिवमूर्ती म्हणाला, “हजार वॅट असतं तर तुमी बूड टेकायच्या आत उकळलं असतं. त्येंचं पाचशेचं आणा हितं. त्येबी एवढाच येळ घेतंय का न्हाय बघा.”

हंबीररावांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि ते मनापासून हसले. “पटलं. तुझं सोळा आणे खरं हाय.” मग बशी खाली ठेवत म्हणाले, “आता त्येच्यावर हजार लिव.”

“अवो, आत्ता पटलं म्हनलासा न्हवं?”

“मला पटलं रं! पर मिरवणुकीत माणसं पाटी वाचत्यात, चा पीत न्हाईत. पोरं म्हणाल्यात, साठ वॅटचं डबडं नको, ह्या वक्ताला दुसऱ्याचं मशीन आणूया. मी किती थोपवू त्यास्नी?”

हे मात्र वर्मी बसलं. तालमीच्या गणपतीपुढं दरसाल शिवमूर्तीचंच मशीन वाजायचं. एरवी वर्षभर तो लोकांच्या इस्त्र्या आणि रुसलेले रेडिओ दुरुस्त करत बसायचा. आपणही कुणीतरी आहोत असं त्याला वाटायचं ते विसर्जनाच्या त्या एका दुपारी. ती दुपारच आता हातची जायची वेळ आली होती.

पण मशीनच्या तोंडावर पितळी अक्षरांत नाव होतं, शिवम्मा. ती त्याची आई. अव्वाला कमी ऐकू यायचं. मठातलं प्रवचन तिला कट्ट्यावर बसून ऐकता यावं म्हणून त्यानं पहिलं मशीन जुळवलं होतं. आधी घरी तपासताना त्यानं दानम्मालाच माईकवर बोलायला लावलं होतं, म्हणून अव्वा म्हणाली होती, “आता स्वामींचंबी ऐकू येतंय आणि सुनंचंबी. सुनंचं बंद करायचं बटण कुठं हाय?” तिच्या माघारी त्यानं प्रत्येक मशीनवर तिचं नाव लावलं आणि नावाखाली, तांबड्या रंगात, खरा आकडा.

वस्ताद गेल्यावर दानम्मानं तोंड सोडलं.

“लिवा की वो! आकडा काय खायला मागतोय? सगळी पेठ लिवालीया. तुमी एकटंच धुतल्या तांदळाचं व्हय?”

“अव्वाच्या नावाखाली लिवू?”

“अव्वा काय वाचायला येतीया?”

भांडणं शिवमूर्तीला कधी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मशीनवरची पितळी अक्षरं एकेक करून काढली. मग तालमीनं धाडलेला पेंटर आला. त्यानं एवढ्या ठळक अक्षरांत ‘१००० वॅट’ काढलं, की नावाच्या स्क्रूंची भोकं शून्यांच्या पोटात गडप झाली.

दानम्माला ती अक्षरं वाटीत पडलेली दिसली.

“अव्वाचं नाव का काढलासा?”

“अव्वा हजार वॅटची न्हवती,” शिवमूर्ती म्हणाला.

दानम्मानं वाटी उचलली, चिंच लावून अक्षरं लख्ख घासली आणि देवापुढं नेऊन ठेवली. स्वयंपाक करताना ती उगाच भांडी आपटत होती. राग नवऱ्याचा होता की स्वतःचा, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

विसर्जनाच्या दुपारी दोघं महाद्वार रोडच्या कडेला उभी होती. तालमीची ट्रॉली आली. पुढं फेटा बांधलेले हंबीरराव, मागं भोंगे आणि मधोमध पिवळाजर्द हजार. आवाज असा स्वच्छ, की सनईतला श्वाससुद्धा ऐकू यावा. शिवमूर्तीला सुख वाटलं, पण त्याची नजर शून्यांच्या पोटातली भोकं शोधत राहिली.

शेजारी शाहूवाडीकडचा एक पाहुणा टाचा उंचावून बघत होता. “वा! हजार वॅट म्हंजे हजार वॅट! मगाचं पाचशेवालं पत्र्यागत वाजालतं. कुणाचं वो मशीन, पावणं?”

“असंल कुणाचं तरी,” शिवमूर्ती म्हणाला.

दानम्मा गर्रकन वळली.

“कुणाचं तरी काय म्हणून? ह्येंचं हाय! ह्येंनी सोताच्या हातानं केलंय!” ढोलताशांच्या वर आवाज चढवून ती म्हणाली, “आणि हजारबिजार काय न्हाय. साठ वॅट हाय. साठ!”

पाहुणा खो खो हसला. “वैनी, खेड्यातला माणूस म्हणून थट्टा करालाय व्हय! साठ वॅटात असला आवाज येतोय?” आणि तो ट्रॉलीपाठोपाठ गर्दीत शिरला.

“ऐकतच न्हाय की मेला!” दानम्मा त्याच्यामागं धावायच्या बेतात होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“ऱ्हाऊ दे,” शिवमूर्ती म्हणाला. “तू सांगितलीस न्हवं.”

मागून माणसांचा लोंढा आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, रस्त्यानं जाताना तो कायम पुढं आणि ती मागं. आता सगळी पेठ बघत असताना त्यानं तिचं मनगट धरलं आणि दोघं शेजारी शेजारी घाटाकडं चालू लागली.