नाव-गावासकट

बातमीत माणसाचं नाव लिहायचं, बापाचं लिहायचं, गाव लिहायचं. देविकाबाईंनी उभ्या जन्मात ही एक गोष्ट हट्टानं पाळली होती. भूकंपाच्या साली त्या लातूरच्या एका दैनिकात नव्या वार्ताहर होत्या. औशापलीकडच्या पडलेल्या गावांतून फिरताना भेटेल त्याचं नाव वहीत उतरवून घ्यायच्या. छापलेल्या त्या याद्यांवरून ताटातूट झालेली कितीतरी माणसं एकमेकांना सापडली. पुढे त्या कायदा शिकल्या, नांदेडला लॉ कॉलेजात प्राध्यापक झाल्या. मोबाइलवर माणसं एकमेकांबद्दल काय काय बोलतात आणि कायदा त्याचं काय करतो, यावर दर रविवारी पेपरात सदर लिहू लागल्या. सवय मात्र तीच.

आणि तिनंच घात केला बघा!

लातूरच्या एका क्लासात सुकन्या नावाची चाकूरची पोर चाचणीत पहिली आली. लगेच कुणा नतद्रष्टानं क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, हिला पेपर आधीच मिळाला होता. साफ खोटं! बाईंच्या कानावर आलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. रविवारी त्यांनी असं झणझणीत लिहिलं की वाचणाऱ्यानं टाळी द्यावी. त्या भरात पोरीचं नाव, बापाचं नाव, चाकूर, सगळं लिहून मोकळ्या झाल्या. आधी तिला एक फोन करावा, हेही सुचलं नाही.

मंगळवारी फोन आला तो तिच्या वडिलांचा, शेषेरावांचा.

"मॅडम, तुम्ही लई चांगलं लिहिलं. पण पहिलं शंभर पोरांलाच ठाव होतं. आता तुमचं कात्रण साऱ्या चाकूरच्या मोबाइलात फिरायलंय. पोरगी घरी आली. क्लासला न्हाई जात म्हणती."

बाईंनी फोन ठेवला. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची ओळख जगजाहीर करू नये, हे त्या दरवर्षी वर्गात घसा फोडून शिकवत होत्या. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या चाकूरला गेल्या. सुकन्याच्या आईनं चहा दिला, पण पोर मान वर करीना.

"चुकलं माझं, बाळा," बाई म्हणाल्या. "या रविवारी जाहीर माफी छापते."

"नको!" पोर दचकलीच. "परत माझंच नाव फिरंल." मग खालीच बघत म्हणाली, "त्यापरीस क्लासला माझ्यासंगं याल का? एकटीनं आत जायचं म्हटलं की पाय उचलत न्हाईत."

तर गुरुवारी बाई, वय वर्षं सत्तेचाळीस, क्लासच्या सरांची परवानगी काढून शेवटच्या बाकावर सुकन्याशेजारी बसल्या. फिजिक्सचा तास. बाईंना ओ की ठो कळेना. पोरं वळून वळून बघत होती, कुजबुजत होती. सुकन्याचा हात गार पडला होता. बाईंनी तो बाकाखाली घट्ट धरून ठेवला. एवढ्या कायद्याच्या पुस्तकांत या पोरीच्या उपयोगाचं एकही पान नाही, असं त्यांना वाटलं.

सरांनी एक प्रश्न टाकला. कुणाचाच हात वर होईना. सुकन्यानं बाईंच्या मुठीतून हात सोडवून घेतला आणि वर केला. उभी राहिली, उत्तर सांगितलं, सर "बरोबर" म्हणाले.

खाली बसताना ती बाईंच्या कानाशी वाकली.

"मॅडम, आता तुम्ही गेल्या तरी चालंल."