सतरा आणि शून्य

मधूची पेन्सिल कागदावरून खाली सरकत आली आणि शेवटून तिसऱ्या ओळीवर थांबली.

"सर, इथं काही चुकलंय का?"

श्रीपाद मोडकांनी चष्मा नीट करून पाहिलं. खारपाडा. अण्णासाहेबांच्या बाजूने शून्य, विरुद्ध सतरा.

"चुकलेलं नाही. सतरा घरं, सतरा माणसं. मी स्वतः मोजलेत."

ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरच्या माडीवर तिघेच होते. अण्णासाहेब टिपणीस झोपाळ्यावर बसले होते, पण झोका घेत नव्हते. पाच वर्षांपूर्वी ते सहज निवडून आले होते. येत्या मार्चमध्ये पुन्हा उभं राहायचं होतं, आणि यंदा वारं वेगळं होतं. मुंबईसह महाराष्ट्र मागत लोक अण्णासाहेबांच्या पक्षाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. सभेला गर्दी होई, टाळ्याही पडत. पण त्या टाळ्यांवर भरवसा ठेवावा असं अण्णासाहेबांना वाटेनासं झालं होतं. म्हणून त्यांनी दिवाळीच्या सुमारास मोडक सरांना बोलावून घेतलं होतं. ज्या शाळेचे ते अध्यक्ष, त्याच शाळेत सर वीस वर्षं गणित शिकवत होते. लोकांच्या मनात काय आहे ते गुपचूप काढून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

मोडकांनी तो उद्योग एखाद्या अवघड धड्यासारखा आखला. शहरात दर विसावं घर. पाड्यांवर घरटी एक मोठं माणूस. तोंडावर विचारलं तर माणूस समोरच्याला बरं वाटेल तेच बोलतो, हे वर्गात रोज अनुभवलेलं. म्हणून विचारायचंच नाही असं त्यांनी ठरवलं. चादरीच्या आडोशाला दोन डबे ठेवायचे. एकावर लाल कागद, तो अण्णासाहेबांचा. दुसरा साधा, तो विरुद्ध बाजूचा. प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका द्यायचा आणि आपण पाठ फिरवून उभं राहायचं. नाव लिहायचं नाही. संध्याकाळी डबे उपडे करून फक्त मोजायचं.

"एकसुद्धा नाही?" अण्णासाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता; घरच्या माणसानं मान फिरवावी तसं काहीसं होतं. "अरे, नळ देतोय मी त्यांना. पाइप येऊन पडलेत तिथं."

"खाडीकाठची माणसं, अण्णा," मधू म्हणाला. "हवा लागलीय त्यांनाही."

मधू मोडकांचाच जुना विद्यार्थी, आता अण्णासाहेबांचा उजवा हात. त्यानं कागद उलटला. मागच्या बाजूला सरांच्या सुबक अक्षरात चार सूचना होत्या. त्यानं तिसरी मोठ्यानं वाचली.

"'जिथे फरक दोन-चारांचाच आहे, तिथे जोर लावावा. जिथे सगळेच एका बाजूला आहेत, तिथे श्रम व्यर्थ घालवू नयेत.' वा सर! असं पाहिजे."

मोडकांना बरं वाटलं. त्या क्षणी आपल्याला बरं वाटलं होतं, हे त्यांना पुढे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

पंधरा-वीस दिवसांनी, शाळेला सुटी होती त्या सकाळी, दाराशी तुळसा आली. खारपाड्याच्या भिवाची ही बायको. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ती ठाण्याच्या आळ्यांतून फिरे, आणि मोडकांच्या घरचं मीठ तिच्याकडूनच येई. आज तिनं पाटी उतरवली आणि तिथंच पायरीवर बसली.

"गुरजी, पाइप गेलं."

"कुठं गेले?"

"बोरीच्या पाड्यावर. कंत्राटदाराच्या चार गाड्या आल्या नि भरून नेलं. त्यातली एक गाडी आमच्याच घरातल्यानं हाकली. काय करंल? रोजावर हाय त्यो."

बोरीचा पाडा. मोडकांना कागद डोळ्यांपुढे दिसला. दहा आणि बारा. फरक दोनाचा.

"आता पाडा बोलतो, भिवानंच चुगली केली. सतरा घरांनी काय टाकलं ते अन्नासायबाला कसं कललं? गुरजी तं पाठ करून उबे होते. नाव कोनाचं लिवलं नाय. मंग सांगनारा कोन? ज्यो त्यांची गाडी हाकतो त्योच." ती पदरानं पाटीची कड पुसत राहिली. "आमच्याशी कोन बोलत नाय, गुरजी. ते चालंल. पन सोमवारी आमच्या पोरीची, गोदाची हलद हाय. आवडाबाय बोलली, मी तुज्या दारात येनार नाय."

आवडाबाई त्या पाड्याची धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाची सगळी गाणी तिनं म्हणायची. तिच्या तोंडून ती निघाल्याशिवाय तिथं लग्न लागलं असं कुणी मानत नसे.

"धवलारीन नाय तं लगीन कसलं? पोरीला जलमभर बोल लागंल. तुमी एकदा येऊन बोला. तुमचा शबुद कोन मोडनार नाय."

आतून त्यांच्या पत्नी सुमेधाबाईंनी विचारलं, "कोण आलंय हो?"

"मीठवाली," मोडक म्हणाले. घरात मिठाची बरणी भरलेली होती. तरी त्यांनी दोन मापं मीठ घेतलं.

दुपारी ते टेंभी नाक्यावर गेले. अण्णासाहेब दौऱ्यावर होते. मधूनं खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"मधू, खारपाड्याचे पाइप परत पाठव. तिथल्या बायका दीड मैलावरून पाणी आणतात रे."

"बोरीच्या पाड्यावरच्याही आणतात, सर." मधूचा स्वर आदराचाच होता. "आणि नळ एकच आहे. कुठं द्यायचा ते तुम्हीच तर दाखवून दिलंत. तुम्ही शिकवलंत तसंच केलंय आम्ही."

मधूनं आलेला चहा त्यांच्यापुढे सरकवला.

"नाव कुणाचं फुटलं नाही. तुम्ही शब्द दिला होतात, तो पाळला गेला. उलट कल्याण-डोंबिवलीकडची आपली मंडळी तुमची रीत मागतायत. आणि सर, फेब्रुवारीत दुसरी फेरी करायचीय. सगळे पाडे पुन्हा. मग शेवटच्या महिन्यात कुठं काय करायचं ते ठरवू."

चहावर साय धरली. मोडकांनी ती बोटानं बाजूला केली आणि कप तसाच ठेवून उठले.

रविवारी ते खारपाड्याला गेले. मिठागराच्या बांधावरून चालताना डोळ्यांवर ऊन मारत होतं. जिथं पाइप पडले होते तिथं वाळलेल्या गवतात लांब लांब पिवळे पट्टे राहिले होते. गावदेवीसमोर माणसं जमली. आवडाबाई पुढे बसली, जाडजूड, पान चघळत. शेजारी तिचा दीर काळुराम आणि म्हातारा नाथा. भिवा सगळ्यांपासून दूर, शेवग्याला टेकून उभा. तुळसा आणि गोदा त्याच्या मागे.

"भिवानं काही सांगितलेलं नाही," मोडक म्हणाले. "सांगितलं ते मी."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आवडाबाई हसली.

"गुरजी, तुमी देवमानूस हाव. भिवाला वाचवाला आलाव."

"खरंच सांगतोय."

"तुमी पाठ करून उबे होते. आमी बगलं ना!" काळुराम म्हणाला. "आमच्या डोल्यांना खोटं पाडू नका, गुरजी."

मोडकांनी धोतर सावरलं आणि ते जमिनीवर बसले. समजत नसेल तर आपणच वेगळ्या तऱ्हेनं सांगायला हवं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी सतरा खडे वेचले. दहा एका बाजूला ठेवले, सात दुसऱ्या बाजूला.

"हे तुमचे चिंचोके. दहा इकडं पडले, सात तिकडं. आता मला सांगा, यातला आवडाबाईचा कुठला?"

"ते कसं सांगनार?" नाथा म्हणाला.

"नाथाबाबांचा?"

"नाय सांगता येनार."

"बरोबर." मोडकांनी ते सात खडे उचलून दहांत मिसळले. "आता सतराच्या सतरा इकडं. तिकडं एकही नाही. आता?"

माणसं खड्यांकडे बघत राहिली. उत्तर मागून आलं, गोदाकडून.

"आता इचारायचं काय? सगल्यांचंच कललं."

असं एखादं पोर उजळलं की मोडकांचा दिवस चांगला जाई. आज त्यांनी मान वर केली नाही.

"नाव लिहिणार नाही म्हणालो, आणि लिहिलं नाही. पण पाड्याचा आकडा लिहिला. सतरा आणि शून्य. त्यात तुमची सगळ्यांची नावं आली. भिवाचंही आलं. त्यानंही तुमच्याचबरोबर टाकला होता." ते थांबले. "आणि जिथं सगळे विरुद्ध आहेत तिथं काही करू नका, जिथं फरक थोडा आहे तिथं करा, असंही मीच लिहून दिलं. पाइप त्या कागदामुळं गेले."

आवडाबाईचं चघळणं थांबलं होतं.

"तुमी तं गनिताचे मास्तर," नाथा सावकाश म्हणाला. "तुमाला हे आदी कललं नाय?"

"कळायला हवं होतं. प्रत्येक पाड्याची वेगळी ओळ केली की कागद चांगला दिसत होता."

कुणी त्यांना शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काळुराम उठून दूर जाऊन थुंकला आणि परत येऊन बसला, एवढंच.

आवडाबाईनं गुडघ्यावर हात टेकून अंग वळवलं. भिवाकडे न बघता, त्याच्या पायांशी बघत ती म्हणाली,

"उद्या हलद दलाला कवा येव?"

तुळसाच म्हणाली, "सकाली ये. च्या पियाला ये."

"येतंय."

मोडक उठायला लागले. आवडाबाईनं हातानंच त्यांना बसवलं.

"थांबा, गुरजी. त्यो मधूशेट परत पाठवनार हाय ना तुमाला? डबे घेऊन?"

"फेब्रुवारीत. पण मी येणार नाही. मी सांगणार आहे त्याला."

"तुमी नाय आलाव तं दुसरा कोन येल. त्याला आमी काय सांगावं?" ती पुढे सरकली. सतरा खड्यांतले काही तिनं बोटानं बाजूला ढकलले. "फरक थोडा असला का पानी येते, असंच ना तुमचं?"

मोडकांनी मान हलवली.

"मंग लाल डब्यात किती टाकावं?"

खरं मत कुणीही कुणाला न भिता द्यावं म्हणून त्यांनी ती चादर टांगली होती. तिच्या आड आता काय घडणार ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. तो कागदही दिसत होता. मघाशी नाही म्हणाले तरी आता डबे घेऊन त्यांनाच यावं लागणार होतं; तो कागद त्यांनीच नेऊन द्यायचा होता, आणि अण्णासाहेब त्यावर विश्वास ठेवणार होते. अण्णासाहेबांनी त्यांच्यावर वीस वर्षं विश्वासच ठेवला होता.

"गुरजी? किती?"

"आठ," मोडक म्हणाले.

"नि मार्चात?" काळुरामनं विचारलं. "खऱ्या पेटीत?"

"खऱ्या पेटीत तुमच्या मनात असेल ते."

आठ कोण, यावरून थोडी ओढाताण झाली. नाथा म्हणाला, मी मेलो तरी लाल डब्याला हात लावनार नाय. बायका हसल्या. मग शेवग्याकडून भिवाचा आवाज आला.

"पयला माजा धरा. माजं नाव तसंही खराब झालंच हाय."

आता कुणी हसलं नाही. काळुराम म्हणाला, दुसरा माजा. मग आवडाबाई, मग तिची शेजारीण, असं करत आठ झाले.

"गुरजी, लिवून ठेवा," आवडाबाई म्हणाली. "तवापोत आमी इसरू."

मोडकांचा हात सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथंच राहिला.

"लिहायचं नाही," ते म्हणाले. "पाठ करा."

त्यांनी पहिलं नाव सांगितलं. माणसांनी ते मागून म्हटलं. मग पहिलं आणि दुसरं.