शेऱ्यातली दोन अक्षरं

ओळखीचा माणूस म्हटलं, की आपण सगळेच कसे विरघळतो, हे वेगळं सांगायला नको. त्या विमा एजन्सीच्या कार्यालयात तर या सवयीला नियमाचा मान मिळाला होता. नव्या एजंटच्या परवान्याचा अर्ज पुढे पाठवण्याआधी त्याची पूर्वीची नोकरी, पोलिसांचा दाखला, जुन्या तक्रारी, सगळं तपासायचं असे. पण अर्जदार कुणाचा भाचा किंवा मेहुणा निघाला, की शेऱ्याच्या रकान्यात दोन अक्षरं पडत : 'घ. मा.' म्हणजे घरचा माणूस. झाली पडताळणी!

हे शेरे लिहिणाऱ्या बाईंना सगळे पडताळणीबाईच म्हणत. परका अर्जदार आला, की त्या त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत. एकाला तर फोटोत टाय वाकडा आहे म्हणून परत पाठवलं होतं. आणि आज त्यांच्या टेबलावर सख्ख्या धाकट्या भावाचा अर्ज होता.

भाऊ समोरच्या बाकावर बसला होता. आठ महिने नोकरी नाही. शर्टाला इस्त्री होती, पण हात सारखे गुडघ्यांवर पुसत होता. चार वाजता कुरिअरवाला यायचा होता आणि या भरतीचं हे शेवटचं पाकीट होतं.

"ताई, झालं का गं?"

"होतंय रे. बस जरा."

बाईंनी पेन उचललं, 'घ.' लिहिला. तेवढ्यात जुन्या फायली सांभाळणारे दप्तरकाका टेबलाशी येऊन उभे राहिले.

"आधीच्या कंपनीला फोन केलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"काका, भाऊ आहे माझा! अंगाखांद्यावर खेळवलंय त्याला."

"माझ्या जावयाच्या अर्जावरही मी हीच दोन अक्षरं लिहून घेतली होती." काका म्हणाले. "त्यानं एका गिऱ्हाइकाला न विचारताच फॉर्मवर 'कोणताही आजार नाही' असं लिहिलं. त्या माणसाला मधुमेह होता. माणूस गेला आणि दावा फेटाळला गेला. त्या गिऱ्हाइकाची बायको याच बाकावर बसली होती. मला म्हणाली, 'काका, तुम्ही त्या एजंटला तपासलं नव्हतं का?' मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार? बाई, तो तुमच्या घरचा असेल. पण ज्यांच्या घरी तो जाणार, त्यांच्या घरचा थोडाच आहे? ती माणसं आपल्या भरवशावर दार उघडतात!"

बाईंनी अर्जात भावाच्या आधीच्या कंपनीचा नंबर शोधला. त्यांनी फोन ओढला.

"ताई, फोन कुणाला करतेयस?" भाऊ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, तरी बाईंनी नंबर फिरवला.

पलीकडच्या बाईंनी फाईल काढली आणि दोन वाक्यांत सांगितलं. भावानं एका गिऱ्हाइकाची सही स्वतःच केली होती, म्हणून त्याला काढून टाकलं. अर्जात मात्र 'पूर्वी कधी कारवाई झाली आहे का?' यापुढे 'नाही' असं सुबक अक्षरात लिहिलं होतं.

"साहेबांशी पटलं नाही म्हणून नोकरी सोडली, असं म्हणालास ना मला?"

"एकच सही गं! गिऱ्हाईक म्हातारं, परगावी गेलेलं, महिनाअखेर होती... आता खरं लिहिलं तर परवाना मिळेल का? तू तरी समजून घे. तू घरची ना!"

"घरची आहे म्हणूनच विचारतेय!"

भाऊही चिडला. "मग हेही विचार, माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण करायचं?"

घड्याळात चाराला दहा कमी होते. गणितात नापास झालेल्या भावाला बाबा रागावतील म्हणून बाईच तर वळणदार सही ठोकून द्यायच्या, आणि दोघं हसायची.

"मी करायचे," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "तुला वाचवतेय असं वाटायचं रे. आजही तेच करायला निघाले होते!"

भावानं अर्ज स्वतःकडे ओढला. मग त्यानं बहिणीच्या हातातलं पेन घेतलं, 'नाही' खोडून 'होय' लिहिलं, काय घडलं ते चार ओळींत मांडलं आणि खाली सही केली. स्वतःची.

"परवाना नाही मिळाला तर?"

"तर दुसरं काम शोधू. मी आहे ना."

नागरिकहो, ओळखीच्या माणसाची चौकशी केली म्हणून त्याचा अपमान होत नाही. आपला एक शेरा कुठल्या अनोळखी घराच्या दारापर्यंत जाईल, हे आपल्याला कधीच कळत नाही, म्हणून तो खराच असायला हवा. आपल्या माणसावर माया करावी, पण तिची किंमत परक्याला मोजायला लावू नये!

कुरिअरवाला दारात येऊन उभा राहिला. रकान्यात अर्धवट 'घ.' तसाच होता. बाईंनी तो खोडला नाही. पुढे लिहिलं : 'मा. आहे, म्हणून दोनदा तपासला.'