बर्फावरची दोरी

वॉलआय या माशाला मी चौदा वर्षं ओळखत होतो, पण त्याचं तोंड कधी बघितलं नव्हतं. कॅनडातल्या गोठलेल्या तळ्यांतून तो दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये येतो तो मुंडकं उडवून, काटे काढून, खोक्यात थरावर थर लावून. ज्या चकाकत्या डोळ्यावरून त्याला नाव पडलं, तो डोळा तेवढा तिकडेच राहतो. त्याच्याबरोबर पर्च नावाचा दुसरा मासा येतो, त्याची निदान कातडी तरी येते, पिवळी, हिरव्या पट्ट्यांची.

माझं काम तपासणीचं. मासा जरा बर्फातून सुटला की मी बोट दाबतो आणि सांगतो, हा एकदाच गोठवलाय, हा दोनदा, याला पाणी पाजून फुगवलाय. यात जादू काही नाही. हर्णैच्या कोळ्याचा मुलगा आहे मी, बोटाला मासा कळला नसता तर आबांनी घरात घेतलं नसतं. इंग्रजी मात्र माझं लंगडं. म्हणून मी मराठीत सांगायचो आणि आमचे पर्चेस मॅनेजर सुरेश करंदीकर त्याचं झकास इंग्रजी करून कॅनडाला ईमेल पाठवायचे. खाली सही त्यांची. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण अक्कलदाढ आली म्हणून अक्कल येतेच असं नाही.

शिवाय सुरेशदादा मला घरचे होते. अल नहदा भागात त्यांचा फ्लॅट. दर रविवारी मी मासे घेऊन जायचो, साफ करून द्यायचो आणि त्यांच्यातच बसून जेवायचो. त्यांची बायको हेमाताई मला भाऊबीजेला ओवाळते. त्यांचा नऊ वर्षांचा वरद माझ्याशी इंग्रजीत बोलतो, मी त्याच्याशी मराठीत, आणि आमचं छान चालतं.

ऑक्टोबरात एक दिवस सुरेशदादा लॅबमध्ये आले तेच ओरडत. "धनंजय, हबीबी, लॉटरी! कॅनडावाल्यांचा मेल आलाय. त्यांचा म्हातारा मालक म्हणतो, जो माणूस आमचा मासा बोटाने ओळखतो त्याला जानेवारीत पाठवा. तळ्यावर बर्फात भोक पाडून चार दिवस मासेमारी. वॉलआय, पर्च, सगळं लाइव्ह!"

मी त्याच दुपारी आबांना फोन लावला. आबा आता समुद्रावर जात नाहीत, गुडघे गेलेत. बर्फावर बसून मासे धरतात म्हटल्यावर ते इतके हसले की खोकला लागला. "थापा मारू नकोस. व्हिडिओ पाठव, मग मानेन." दोन दिवसांत अख्ख्या पाखाडीला कळलं की धन्या बर्फावर गरवायला चाललाय. शिवाय आबांनी गावी आलेल्या एकाबरोबर आपली गळाची दोरी पाठवली. आंब्याच्या लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली, शिशाचं वजन त्यांनीच ओतलेलं. चाळीस वर्षांची. म्हणाले, काठीबिठी नको, बोटावर घे.

व्हिसाचे कागद मी सुरेशदादांकडे दिले, अर्ज तेच करणार होते. मग आम्ही सराव सुरू केला. कुठे? कोल्ड रूममध्ये, उणे अठरात. निळं पिंप, वर थर्माकोलचं झाकण, झाकणाला भोक, आणि दोघं कानटोप्या घालून समोरासमोर. राहिल नावाचा फोर्कलिफ्टवाला आम्हाला बघून म्हणायचा, "यल्ला, चाचा लोग पागल हो गए." सुरेशदादा म्हणायचे, "मलाही शिकव रे, तेवढीच मजा." मी मनापासून शिकवलं. दोरी बोटावरून कशी सोडायची, मासा नुसतं हुंगतो तेव्हा काय वाटतं, गिळतो तेव्हा काय. लहानपणी आबा माझे डोळे फडक्याने बांधून होडीत बसवायचे आणि बोटावरच्या धक्क्यावरून मासा ओळखायला लावायचे, तेही सांगितलं. ते परत परत विचारायचे. मला वाटायचं, किती जीव आहे या माणसाचा माझ्यावर.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि खांद्यावर हात ठेवला. "सॉरी यार. तुझा व्हिसा रिजेक्ट झाला. सिंगल माणूस, त्यांना वाटतं परत येणार नाही. आता तिकडचं सगळं बुकिंग झालंय, कुणीतरी जायला पाहिजे. मी जातो तुझ्या जागी. खलास, मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला लागलंच. पण राग व्हिसावाल्यांचा आला, त्यांचा नाही. उलट मीच आबांची दोरी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "मी नाही तर नाही, दोरी तरी जाऊ दे. आणि व्हिडिओ काढा, डोळ्याचा. आबा वाट बघतायत." आबांना मात्र मी जाणार नाही हे सांगायची हिंमत झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

ते परत आले त्या रविवारी मी सुरमई घेऊन गेलो. हेमाताई पोळ्या लाटत होती. मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही हातांचे ठसे द्यायला दुबईला कधी गेला होतात? यांना केवढी लाइन होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेले ते संध्याकाळीच उगवले."

"कसले ठसे?" मी विचारलं.

"व्हिसाचे. ते दिल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही म्हणे."

मला कुणी ठसे मागितलेच नव्हते. दसरा ऑक्टोबरात होता. ज्या महिन्यात ते मला लॉटरी लागल्याचं सांगत होते, त्याच महिन्यात आपले ठसे देऊन आले होते. माझा अर्ज गेलाच नव्हता, मग तो नाकारणार कोण? हातातली सुरमई मी सिंकमध्ये ठेवली आणि उगाच नळ सोडून उभा राहिलो.

तेवढ्यात बाहेर वरदने व्हिडिओ टीव्हीवर लावला. "धनंजय काका, कम फास्ट! बाबा कॉट अ मॉन्स्टर!" मी जाऊन उभा राहिलो. पांढरंफेक तळं, त्यात ताटाएवढं भोक, आणि भोकातून आबांच्या दोरीवर वॉलआय वर आला. डोळा दिसला. अंधारात मांजराचा चमकतो तसा, दुधी. चौदा वर्षांनी दिसला, आणि मला त्याच्याकडे नीट बघता आलं नाही. कारण म्हातारा मालक सुरेशदादांच्या पाठीवर थाप मारून कॅमेऱ्याला सांगत होता, हाच तो माणूस, याचं बोट कधी चुकत नाही. मग त्याने विचारलं, हे शिकलास कुठे?

आणि सुरेशदादा म्हणाले, "माय फादर वॉज अ फिशरमन. ही यूज्ड टू टाय अ क्लॉथ ओव्हर माय आइज. धिस इज हिज लाइन."

माझं इंग्रजी लंगडं आहे, पण एवढंही न कळण्याइतकं नाही.

वरदने मान वळवली. "बट बाबा, आजोबा वर्क्ड इन अ बँक, ना?"

हेमाताई लाटणं हातात घेऊन दारात उभी होती. सुरेशदादांनी टीव्ही बंद केला आणि मी, जेवलो की मी! हेमाताईने वाढलं म्हणून जेवलो.

लिफ्टपर्यंत ते सोडायला आले. "अरे, ऑन द स्पॉट बोललो रे. स्टोरी म्हणून. क्रेडिट शेवटी आपल्या टीमलाच ना?"

"दोरी द्या," मी म्हटलं.

ते लिफ्टच्या बटणाकडे बघत राहिले. "ती... म्हाताऱ्याला फार आवडली. गिफ्ट दिली. त्याने ऑफिसात भिंतीवर लावलीय."

"खाली नाव कुणाचं लावलंय?"

लिफ्ट आली. त्यांनी मला आत जायला दार धरून ठेवलं, म्हणजे उत्तर दिलंच. केसाने गळा कापतात असं ऐकून होतो. माझा आबांच्या तंगुसाने कापला, आणि तो नायलॉनचा दोर मीच हातात दिला होता.

बस स्टॉपवर उभा होतो तर वरदने पाठवलेला व्हिडिओ फोनवर आला होता. शहाणं पोर, त्याला वाटलं काकाला हवा असेल. मी बराच वेळ तो तसाच ठेवला. मग आबांना पाठवून दिला. तीन महिने ते वाट बघत होते.

दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. आवाज फुटत होता आनंदाने. "बघितला रे! आमची दोरी! बर्फातून! सगळ्या आळीला दाखवला. तो डोळा बघितलास?"

"बघितला, आबा."

"पण तो दोरी धरणारा कोण? दोरी किती घट्ट धरलीय गाढवाने. आणि तू कुठे दिसत नाहीस?"

समोरून बस आली. मी चढलो नाही.

"मी व्हिडिओ काढत होतो, आबा."

"अस्सं. आणि तो इंग्रजीत काय सांगत होता त्या गोऱ्याला?"

"सांगत होता," मी म्हटलं, "की या दोरीच्या मालकासारखा कोळी दुसरा नाही."

आबा म्हणाले, "भला माणूस दिसतो. त्याला घेऊन ये एकदा घरी."