गोठ्याच्या दाराची उंची

"काका, आता जरा वर बघा," विक्रेता म्हणाला आणि त्याने हाताशी असलेला दांडा पुढे ढकलला.

यंत्राचा हात लांबत निघाला. एका पोकळ खांबातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असा तो दुकानाच्या छपराच्याही वर गेला. खाली उभ्या असलेल्या माणसाची मान इतकी मागे गेली की डोक्यावरची टोपी पडली. ती उचलायचंही त्याला सुचलं नाही.

या माणसाला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी राहते आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. याने रोवलेला कुंपणाचा खांब कधी तिरका गेला नाही, याने घेतलेलं माप कधी चुकलं नाही, म्हणून हे नाव पडलं होतं, आणि त्यालाही ते मनातून आवडत असे. जनावरं, मुरवलेल्या चाऱ्याचा मुरघास आणि पेंढ्याचे गठ्ठे यांत त्याचं आयुष्य गेलं. आता उजवा खांदा वर उठत नव्हता. मुलगी शहरातली नोकरी सोडून घरी आली होती आणि यंदापासून गोठा तिने सांभाळायचा असं ठरलं होतं. तिच्यासाठीच टेलिहँडलर घ्यायला दोघं आली होती. म्हणजे ट्रॅक्टरसारखंच चार चाकांचं यंत्र, पण त्याला पुढे लांबणारा एक हात, आणि त्या हाताला हवं तेव्हा गठ्ठे उचलायचे काटे लावावेत, हवं तेव्हा शेण भरायचं बकेट.

मुलगी त्या उंच यंत्राकडे बघतच नव्हती. ती कोपऱ्यातल्या एका बसक्या यंत्राभोवती फेऱ्या घालत होती.

"बाबा, हे बघा ना. याची चारही चाकं वळतात. गोठ्यात जागच्या जागी फिरेल."

"हात किती जातो वर?"

"तीन गठ्ठे एकावर एक रचता येतील एवढा. आपल्याला पुरे की! आभाळाला रंग द्यायचाय का?"

विक्रेता हसला. "ताई म्हणतात ते बरोबर आहे. लहान कामाला ते छानच आहे. पण काकांच्या कामाचा पसारा मोठा दिसतोय."

लहान काम! ओळंब्याला तो शब्द झोंबला. जन्मभर पाठीवर वाहिलेलं काम काय लहान होतं?

"दार मी मोजलंय," तो म्हणाला. "हे मोठं आत जातं. वर वीतभर जागा राहते."

"कधी मोजलंत?" मुलीने विचारलं.

"परवा. गोठा धुऊन काढला तेव्हा."

"पण बाबा, थंडीत आत..."

"थंडीचं थंडीत बघू." मग विक्रेत्याकडे वळून तो म्हणाला, "हिची भातुकली अजून संपली नाही. जे छोटं दिसेल ते हिला आवडतं."

दोघेही हसले. मुलीने जमिनीवरची टोपी उचलली, झटकली, बापाच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसली. गाडीचं दार तिने अगदी हळू लावलं.

मोठं यंत्र घरी आलं. पहिले काही महिने ओळंबा हवेत होता. गठ्ठ्यांची रास कोठाराच्या आढ्याला भिडली. त्याच्या हाताखाली ते धूड मुकाट्याने मागेपुढे होई. रस्त्याने जाणारा थांबून बघू लागला की तो विनाकारण हात आणखी लांबवी. मुलीनेही यंत्र चालवायला घेतलं, आणि ती सफाईने चालवत असे. "यंत्र तुझं आहे," तो तिला म्हणे आणि लगेच किल्ली आपल्या खिशात टाके.

मग थंडी आली आणि जनावरं आत आली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. थंडीत त्यांचा गोठा रोज साफ करत नसत. रोज ताजा पेंढा अंथरायचा, जनावरं तो तुडवायची, दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा पेंढा. खालचा थर हळूहळू कुजतो आणि त्याची ऊब जनावरांना मिळते. थंडी सरली की सगळा थर एकदम उपसून शेतात टाकायचा. म्हणजे गोठ्यातली जमीन थंडीभर थोडी थोडी वर येत राहते. ओळंब्याला हे कुणी सांगायला नको होतं. पोरवयात तो दर थंडीच्या शेवटी दारावरच्या तुळईला उडी मारून हात लावायचा आणि आपण उंच झालो म्हणून घरभर सांगत सुटायचा. मोठी माणसं हसायची. पुढे गोठा उपसला की तुळई पुन्हा दूर जायची आणि त्याचं तोंड उतरायचं.

आणि हाच माणूस दार मोजायला गेला तो धुतलेल्या फरशीवरून.

एका सकाळी गठ्ठा घेऊन तो आत शिरू लागला तर डोक्यावर खर्रकन आवाज झाला. त्याने यंत्र मागे घेतलं, उतरला आणि वर बघितलं. तुळईवर यंत्राचा रंग लागला होता. मग त्याने खाली बघितलं. बघता बघता कळलं, आणि त्या गारठ्यात त्याचे कान गरम झाले. त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. अंगठा ओला करून त्याने केबिनच्या टपावरचा ओरखडा पुसायचा प्रयत्न केला. लहान मुलाने भिंतीवरची रेघ पुसावी तसा.

त्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी उठू लागला. फावडं घेऊन दाराखालचा थर उकरायचा, यंत्रापुरता उतार करायचा, आणि मुलगी यायच्या आत गठ्ठे आत टाकून मोकळं व्हायचं. संध्याकाळपर्यंत जनावरं तो उतार तुडवून पुन्हा सपाट करत. सकाळी पुन्हा फावडं.

"सकाळचं मी बघत जाईन," त्याने मुलीला सांगितलं. "तू दुधाचं बघ."

बायकोने खांद्याला मलम चोळताना विचारलं, "अहो, मशीन आलं म्हणजे मलम कमी लागायला हवं ना? हे तर दुप्पट संपायला लागलंय."

"थंडी आहे," तो म्हणाला.

"थंडी दरवर्षीच असते," ती म्हणाली आणि तिने डबीचं झाकण लावलं.

थर वाढत गेला. एक दिवस असा आला की कितीही उकरलं तरी यंत्र आत जाईना. ते अंगणात उभं राहिलं, आणि ओळंबा दाराशी गठ्ठा फोडून लांब दांड्याच्या काट्याने पेंढा आत ओढू लागला, जसा जन्मभर ओढला होता तसा. नेमका तेव्हाच दुधाचा टँकर आला. टँकरवाला सगळ्यांची थट्टा करणारा, आणि ऐकलेलं पुढच्या प्रत्येक गोठ्यावर पोचवणारा.

"काय ओळंबा! हत्ती बाहेर बांधून माहूत गवत वाहतोय?"

ओळंब्याचा श्वास फुलला होता. खरं एका वाक्याचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"पोरीचा हात बसला नाही अजून. कुठंतरी घासेल, म्हणून आत न्यायचं नाही म्हटलं."

"असं होय! शहरातला हात तो," टँकरवाला म्हणाला.

दूधघराच्या दारात मुलगी उभी होती. हातात टँकरला जोडायची नळी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने बापाकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग नळी जोडली, झडप उघडली, आणि दूध वाहू लागल्यावर भिंतीशी टेकलेला दुसरा काटा घेऊन त्याच्या शेजारी पेंढा ओढू लागली.

तो वाट बघत होता की ती काहीतरी बोलेल. चिडेल. बोलली असती तर त्यालाही चढ्या आवाजात काहीतरी म्हणता आलं असतं. ती बोलली नाही. घरी जेवतानाही नाही. बायकोने विचारलं, "आज दोघं मुकी का?" तेव्हा मुलगीच म्हणाली, "दमलोय आई."

दुसऱ्या दिवशी टँकरवाला पुन्हा आला. ओळंबा गोठ्याच्या आत होता, दिसत नव्हता.

"काय ताई, शिकवू का चालवायला? फुकट शिकवीन. फक्त माझ्या टँकरला धक्का मारू नका."

मुलगी हसली. "शिकवा की. मला मागे घेताना जमत नाही," ती म्हणाली.

ओळंब्याने ते ऐकलं. कालच कोठाराच्या अरुंद बोळातून तिने ते धूड एका दमात मागे काढलं होतं, भिंतीला न लागता. तो तिथेच पेंढ्यात उभा राहिला. एक गाय येऊन त्याची बाही चाटू लागली, तरी त्याला हलवेना. आपलं खोटं आपल्या मुलीने उचलून अंगावर घेतलं, तेही हसत. यापेक्षा तिने चारचौघांत आपल्याला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं.

टँकर गेल्यावर तो दूधघरात आला. ती भांडी धूत होती.

"तुला ठाऊक होतं? थराचं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

तिने नळ बंद केला. "बोलले होते, बाबा. दुकानात."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि धुतलेल्या भांड्यांशेजारी ठेवली. मग म्हणाला, "उद्या दुकानात जाऊ. बदलून देतो का ते विचारू. बोलायचं तू."

"आणि तुम्ही?"

"मी येईन. मला यायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने दोघांना खुर्च्या दिल्या आणि सवयीने ओळंब्याकडे बघत विचारलं, "काय झालं काका? ताईंना जड जातंय का?"

"नाही," ओळंबा म्हणाला. "माप माझं चुकलं. ही सांगत होती, मी ऐकलं नाही. आता काय विचारायचं ते हिला विचारा."

पुढे तो एक अक्षर बोलला नाही. मुलीने तुळईची उंची सांगितली, थंडीच्या शेवटी थर कुठवर येतो ते सांगितलं, गाभण गायींच्या कप्प्यात वळायला किती जागा आहे ते जमिनीवर पावलं टाकून दाखवलं. विक्रेता आता तिच्याकडे बघून बोलत होता. बदलात तोटा झाला तो झालाच. ओळंबा टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. आपल्याला इथे बसवत नाही हे त्याला कळत होतं, आणि उठायचं नाही हेही.

मोठं यंत्र परत गेलं आणि बसकं दुकानाच्या ट्रकने फाट्यावर आणून उतरवलं; त्यात एकच जागा होती. घरचा रस्ता अरुंद, दोन्हीकडे झुडपं, आणि वळणावर समोरचं दिसत नाही. म्हणून असं यंत्र नेताना कुणीतरी लाल फडकं घेऊन पुढे चालायचं असतं. मुलगी केबिनमध्ये बसली. ओळंब्याने फडकं घेतलं आणि तो पुढे निघाला.

नेमका वळणावर टँकर समोर आला. त्याने फडकं वर केलं. डाव्या हाताने, उजवा उठत नव्हता. टँकरवाल्याने ब्रेक दाबून काच खाली केली.

"काय ओळंबा, पायी? पोरीच्या पुढे चालणं म्हणजे जिवावर उदार झालात की!"

"मी खोटं बोललो होतो तुला," ओळंबा म्हणाला.

"काय?" दोन्ही इंजिनं घरघरत होती.

एवढ्यावर थांबता आलं असतं. टँकरवाल्याला ऐकू गेलं नव्हतं. ओळंब्याने मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे मुलगी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून थांबली होती. तो टँकरच्या अगदी जवळ गेला आणि ओरडून म्हणाला, "मी खोटं बोललो! दार मोजायला मी चुकलो. तिचा हात पक्का आहे. सगळ्या गोठ्यांवर सांग!"

टँकरवाल्याला थट्टा सुचली नाही. "बरं," तो म्हणाला, आणि त्याने टँकर हळूहळू मागे घेतला, झुडपांना खेटून उभा केला.

वाट तरीही फारशी उरली नव्हती. ओळंबा रस्ता सोडून गटाराच्या काठावर उतरला, फांद्या पाठीला टोचत असताना अंग चोरून उभा राहिला. यंत्र त्याच्या छातीजवळून गेलं, टँकरच्या बाजूने दोन बोटांचं अंतर राखत, कुठेही न घासता. ते पुढे गेलं तसा तोही वर आला, आणि फडकं हातात धरून मागून चालू लागला.